ठाकूर : किताब, आडनाव आणि जमात

चीनमध्ये आज सर्वाधिक लोक ज्या आडनावाने ओळखले जातात ते ‘वांग’ होय. चिनी भाषेत वांग म्हणजे राजा. हे आडनाव लावणाऱ्यांची संख्या दहा कोटींच्या घरात आहे. म्हणजे जवळपास आपल्या महाराष्ट्राच्या लोकसंख्येइतकी. एवढ्या राजांना पुरतील इतकी राज्ये अर्थातच कोठेही नव्हती. चिनी परंपरा याचा जो उलगडा करते तो मोठा मार्मिक आहे. ज्या घराण्यांची राज्ये गेली, त्यांच्या वंशजांना लोक ‘ते राजाघरचे’ असे म्हणू लागले आणि कालांतराने तेच त्यांचे आडनाव झाले. सत्ता गेल्यावर मागे उरला तो शब्द. पुढे त्या शब्दाखाली नाना वंशांचे, नाना प्रांतांचे लोक जमा होत गेले. चिनी इतिहासलेखनाचा आद्य पुरुष म्हणून ज्याचे नाव घेतात त्या सिमा च्येनचे ‘सिमा’ हे आडनावही मुळात एक लष्करी अधिकारपदच होते.

आपल्याकडे देशमुख, देसाई, कुळकर्णी, चौधरी, पाटील ही आडनावे पाहिली की हा प्रकार काही नवखा वाटत नाही. परंतु वांगच्या तोडीचे उदाहरण शोधायचे झाले तर ते देशमुख-देसायांत सापडत नाही, कारण ही पदे कोठून आली आणि कोणाकडे होती याचा माग सनदांतून लागतो. खरे उदाहरण ‘ठाकूर’ हे आहे. भारताच्या निम्म्याअधिक भागात हा शब्द पसरलेला आहे. धनी, जमीनदार, देव, गुरू, ब्राह्मण असे त्याचे अर्थ प्रांतोप्रांती दिसतात. आणि ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस, शहापूर व मुरबाड या सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांत, हाच शब्द एका आदिवासी जमातीचे नाव आहे. अशा जमातीचे, की जिच्याकडे धनीपणाचे म्हणावे असे फारसे काही कधीच नव्हते. प्रस्तुत लेख या विसंगतीविषयी आहे.

प्रथम शब्दाचे पाहू. ‘ठक्कुर’ हे त्याचे संस्कृत वेषातील रूप. परंतु ते वेदांत नाही, महाकाव्यांत नाही, उत्तरकालीन ग्रंथांत आणि शिलालेख-ताम्रपटांतच भेटते. त्यामुळे तो मुळात संस्कृत शब्द नसावा यावर बहुतेक भाषाभ्यासकांचे एकमत दिसते. मतभेद आहे तो मूळ कोठे याबद्दल. काहींनी त्याचा संबंध ‘तेगिन’ या तुर्की पदवीशी लावला, काहींनी तो मुंडा कुळातील भाषांतून आला असावा असे म्हटले, तर काहींच्या मते तो मूळचा एखाद्या टोळीचाच नामवाचक शब्द असावा. यातले शेवटचे अनुमान खरे ठरले तर या लेखातील सारीच उलथापालथ सुलट होईल. मात्र त्यासाठी लागणारा पुरावा अद्याप कोणी पुढे ठेवलेला नाही, आणि सोयीचे आहे म्हणून एखादे अनुमान स्वीकारणे इतिहासात बरे नव्हे.

बाराव्या शतकातील कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’त ठक्कुर हे डोंगरी मुलखातले सरदार आहेत. त्याच सुमारास उत्तरेतील गाहडवाल राजांच्या ताम्रपटांत दान घेणाऱ्या ब्राह्मणांच्या नावाआधी ठक्कुर येते आणि ताम्रपट लिहिणाऱ्या लेखनिकांच्या नावाआधीही येते. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीत अलाउद्दीन खलजीच्या टांकसाळीत काम केलेला आणि नाण्यांच्या परीक्षेवर ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ लिहिणारा फेरू हा जैन गृहस्थ. त्यालाही ‘ठक्कुर फेरू’ असेच म्हणतात. मिथिलेत ‘वर्णरत्नाकर’कार ज्योतिरीश्वर ठाकूर आणि त्यानंतरचे विद्यापती ठाकूर हे दोघेही ब्राह्मण पंडित. म्हणजे हा शब्द प्रारंभापासूनच कोणा एका जातीचा नव्हता. मान द्यायचा असेल तेथे तो वापरीत. ‘ठाकूर म्हणजे रजपूत’ हे समीकरण पुष्कळ नंतरचे, आणि तेही मुख्यतः हिंदी पट्ट्यातले.

बंगालमधील कथा तर साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावी अशी आहे. रवींद्रनाथांच्या घराण्याचे मूळ आडनाव कुशारी. या पीराली ब्राह्मण घराण्यातील पंचानन कुशारी नावाचे पूर्वज आजच्या कलकत्त्याच्या जागी, गोविंदपूरच्या कोळीवस्तीच्या आसपास येऊन राहिले. तिथल्या मच्छीमारांनी, ब्राह्मण म्हणून, त्यांना ‘ठाकूर’ म्हणण्यास सुरुवात केली. त्यांच्याशी व्यवहार करणाऱ्या इंग्रजांच्या कानी तेच पडले आणि लेखणीतून ‘टागोर’ उतरले. ज्यांच्या समाजात या घराण्याला पीराली म्हणून हिणवले जात होते, त्यांनी हे नाव दिलेले नाही. ते दिले मासे धरणाऱ्यांनी. किताब नेहमी वरूनच खाली येतो असे आपण धरून चालतो. येथे तो खालून वर गेलेला आहे.

आणि त्याच बंगालमध्ये, अस्पृश्य गणल्या गेलेल्या नामशूद्रांत मतुआ पंथाची स्थापना करणारे हरिचंद ठाकूर (१८१२–१८७८) होऊन गेले. जोडासांकोचे ठाकूर आणि मतुआंचे ठाकूर यांत नावापलीकडे काय सामाईक होते? बिहारमध्ये भोजपुरी नाटककार भिखारी ठाकूर आणि मुख्यमंत्री झालेले कर्पूरी ठाकूर हे दोघेही नाभिक समाजातले. गुजरातेत ‘ठाकोर’ म्हणवणारे कोळी आहेत आणि ‘ठक्कर’ म्हणवणारे लोहाणा व्यापारीही आहेत. पुष्टिमार्गी मंदिरात ‘ठाकोरजी’ म्हणजे साक्षात श्रीकृष्ण, तर बंगाली घरात स्वयंपाक करणारा ब्राह्मणही ठाकूरच. इतक्या भिन्न अर्थांनी वाकवला गेलेला दुसरा मानवाचक शब्द आपल्या भाषांत क्वचितच असेल.

आता शहापूर-मुरबाडकडे वळू. कसारा घाटापासून माळशेज घाटापर्यंत सह्याद्रीच्या कड्याखाली जो मुलूख पसरला आहे, त्यात डोळखांब, किन्हवली, टोकावडे अशा बाजाराच्या गावांमागे डोंगराच्या कुशीत ठाकरवाड्या आहेत. बोलण्यात शब्द येतो तो ‘ठाकर’; ‘ठाकूर’ हे कागदावरचे रूप. जमातीच्या दोन शाखा, ‘क ठाकूर’ आणि ‘म ठाकूर’. या क आणि म चा अर्थ काय याबद्दल लोकांत व लेखकांत अनेक उपपत्ती आहेत. क म्हणजे कोळी आणि म म्हणजे मराठा, ही त्यातली सर्वांत प्रचलित. पण ती मागाहून जुळवलेली वाटते. वर्णमालेतील एकेका अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या शाखा ही गोष्टच मुळी इतकी चमत्कारिक आहे की तिचे स्पष्टीकरण देण्याचा मोह कोणालाही व्हावा.

१८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरने या जमातीची दखल घेतली. त्यातील आणि त्यानंतरच्या वसाहतकालीन वर्णनांतील प्रश्न एकच आहे : रानात राहणाऱ्या, नाचणी-वरी पिकवणाऱ्या, गवत कापणाऱ्या आणि लाकूडफाटा विकणाऱ्या या लोकांना ठाकूर हे नाव मिळाले कसे? उत्तरे दोन प्रकारची दिली गेली. एक असे की मुसलमानी अमलाच्या आरंभकाळात गुजरातेकडून रजपुतांच्या टोळ्या या डोंगरांत आल्या, येथील लोकांत मिसळल्या आणि आपले नाव मागे ठेवून गेल्या. दुसरे असे की जव्हारच्या कोळी राजाने या लोकांना मानाने हा किताब दिला.

दोन्ही उत्तरांत एक गृहीत दडलेले आहे. नाव मोठे आहे, तेव्हा ते कोणा मोठ्याकडूनच आले असले पाहिजे. एक तर मोठ्याच्या रक्तातून, नाही तर मोठ्याच्या मर्जीतून. डोंगरातल्या माणसाने स्वतःला ‘ठाकर’ म्हणवून घेतले असेल, किंवा त्याच्याहूनही दुबळ्या शेजाऱ्याने त्याला तसे म्हटले असेल, ही शक्यता लेखकांच्या मनाला शिवत नाही. गोविंदपूरच्या मच्छीमारांची कथा ठाऊक असती तर कदाचित शिवली असती. रजपूत टोळ्यांची गोष्ट खोटीच आहे असे नाही. मध्ययुगात या घाटांतून माणसे सतत ये-जा करीत होती. परंतु नावाच्या आधारे टोळी कल्पायची आणि टोळीच्या आधारे नावाचा उलगडा करायचा, हा युक्तिवाद वर्तुळात फिरतो.

जव्हारच्या राजाचा उल्लेख मात्र अगदीच हसण्यावारी नेऊ नये. चौदाव्या शतकात मुकणे या कोळी घराण्याने जव्हारला राज्य उभे केले आणि ते १९४८ पर्यंत टिकले. या घराण्याच्या मूळ पुरुषाने बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली, आणि कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी वारली नायकाचा किल्लाच वेढून घेतला, ही आख्यायिका गॅझेटिअरमध्ये आहे. कार्थेज नगरी वसवणाऱ्या राणी डायडोचीही हुबेहूब हीच कथा सांगतात, ती कोकणच्या डोंगरात कशी पोचली हा स्वतंत्र लेखाचा विषय व्हावा. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की, या मुलखात आदिवासी राजसत्ता प्रत्यक्ष होती. किताब देणारे आणि घेणारे दोघेही डोंगरातलेच असू शकत होते.

पदवाचक शब्द माणसांना चिकटून बसण्याची रीत या परिसरात किती जुनी आहे, याचा एक पुरावा मुरबाडहून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर आहे. तेथील लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा एका ओळीत कोरलेल्या होत्या. प्रतिमा नष्ट झाल्या, वरची नावे तेवढी राहिली. त्यात सिमुक सातवाहन आहे, देवी नायनिका आहे, श्री सातकर्णी आहे, राजकुमार आहेत. आणि ‘महारठि’ अशी पदवी लावलेला एक पुरुष आहे. ही गोष्ट इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराची. महारठी या पदवीचा ‘मराठा’ शब्दाशी संबंध लावावा की नाही याचा वाद जुना आहे आणि त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. पण पदवी कोणाची, लोक कोणते आणि प्रदेश कोणता, यांची सरमिसळ होण्याची प्रक्रिया या घाटाने फार पूर्वी पाहिली आहे, एवढे म्हणता येईल.

दुसरा पुरावा बराच अलीकडचा. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे दोन क्रांतिकारक हुतात्मे झाले. कोतवाल हे शहराच्या बंदोबस्तावरील अधिकाऱ्याचे पद. पाटील हा गावचा वतनदार प्रमुख. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल माथेरानच्या नाभिक कुटुंबात जन्मले होते. राजसत्तेच्या दोन अधिकारपदांची नावे धारण करणारे दोघे त्याच राजसत्तेविरुद्ध लढत एका डोंगरावर मारले गेले. आडनावात साठवलेला इतिहास माणसाच्या प्रत्यक्ष इतिहासाला किती परका असू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण निदान मला ठाऊक नाही.

येथवर ‘ठाकूर’ हे जणू या जमातीचे आडनाव आहे अशा थाटात लिहिले. वस्तुतः तसे नाही, आणि खरी गुंतागुंत येथूनच सुरू होते. शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळेचा हजेरीपट उघडला तर त्यात ठाकूर जमातीची मुले वारघडे, मेंगाळ, उघडे, आगिवले, निरगुडा, दरवडा, हिंदोळा, पारधी अशा आडनावांनी भेटतात. या नावांत किताबाचा मागमूस नाही. निरगुडा ऐकला की निर्गुडीचे झुडूप आठवते; बाकीच्यांचे अर्थ आज सहज सांगता येत नाहीत, आणि ओढूनताणून सांगूही नयेत. ‘आ’कारान्त रूप बोलण्यातले; शाळेच्या दाखल्यावर कित्येकदा त्याचेच ‘निरगुडे’, ‘हिंदोळे’ असे ‘ए’कारान्त रूप होते, कारण मराठी आडनाव कसे दिसावे याबद्दल लिहिणाऱ्याच्या काही कल्पना असतात. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावे कागदावर वेगळी होऊ शकतात. ‘पारधी’ या आडनावाची अडचण आणखी वेगळी : त्या नावाची एक स्वतंत्र जमातच अनुसूचीत आहे. म्हणजे जमातीने ठाकूर आणि आडनावाने पारधी असलेल्या मुलाला आपण पारधी नाही हे आधी सांगावे लागते आणि ठाकूर आहोत हे मग.

उलटपक्षी, ज्यांचे आडनाव ठाकूर आहे ते बहुधा या जमातीचे नसतात. पनवेल-उरणच्या आगरी समाजात ठाकूर आहेत, वसई-विरारकडे आहेत, मुंबईत तर बिहार, बंगाल आणि उत्तर प्रदेशातून आलेले ठाकूर सर्व जातींचे आहेत. खानदेशाकडे भाट समाजाच्या संदर्भात ठाकूर हे नाव भेटते. दक्षिणेस, कुडाळजवळच्या पिंगुळीत, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी जतन करणारे ठाकर आहेत. त्यांच्यातील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. येथेही जमातीचे नाव ठाकर आणि आडनाव दुसरेच. एकूण शब्द एक. पण कोठे तो आडनाव, कोठे जात, कोठे जमात, कोठे नुसते संबोधन.

बोलण्यात या सरमिसळीने काही बिघडत नाही. गावात कोण कोणत्या वाडीचा हे सर्वांना ठाऊक असते. बिघडते ते शासन यादी करायला बसते तेव्हा.

अनुसूचित जमातींची जी दुरुस्त यादी १९५६ मध्ये झाली, तीत ठाकूर, ठाकर, क ठाकूर, म ठाकूर यांच्या नोंदीला क्षेत्रबंधन होते. अहमदनगर, कुलाबा, नाशिक, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांतील ठरावीक तालुक्यांपुरतीच ती जमात मानली जाई, आणि त्या तालुक्यांत शहापूर व मुरबाड होते. यादी करणाऱ्यांना शब्दाची अडचण ठाऊक असावी. शब्दाने जमात ओळखता येत नाही म्हणून त्यांनी ती भूगोलाने ओळखली. ही युक्ती सोपी होती, पण निर्दोष नव्हती : माणूस तालुक्याची सीमा ओलांडून गेला की कागदावर आदिवासी राहत नसे, आणि पिंगुळीचे ठाकर तर त्या पाच जिल्ह्यांबाहेरच होते. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने हे क्षेत्रबंधन काढून टाकले. २७ जुलै १९७७ पासून तो अमलात आला. आता महाराष्ट्रात कोठेही राहणारा ठाकूर जमातीचा माणूस अनुसूचित जमातीत गणला जाऊ लागला. हे न्याय्यच होते. मात्र भूगोलाचे कुंपण गेल्यावर हाती उरला तो केवळ शब्द. आणि तो शब्द किती जणांचा आहे हे आपण वर पाहिले.

१९७१ मध्ये महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे साडेएकोणतीस लाख नोंदली गेली होती. १९८१ मध्ये ती पावणेअठ्ठावन्न लाखांजवळ पोचली. ही सारी वाढ बनावट म्हणणे अन्यायाचे होईल, कारण क्षेत्रबंधनामुळे बाहेर राहिलेल्या इतर जमातींचे खरे लोकही याच काळात यादीत आले. पण नामसाधर्म्याचा लाभ घेणारेही त्यात होते, हे न्यायालयांसमोर आलेल्या प्रकरणांतून पुढे दिसले. २०११ च्या जनगणनेत राज्यात ठाकूर जमातीची संख्या साडेपाच लाखांहून अधिक आहे.

१९९४ मध्ये माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जातपडताळणी कशी करावी याची तपशीलवार पद्धत घालून दिली. तो वाद ठाकूर जमातीचा नव्हता, महादेव कोळी जमातीचा होता. कोळी हे नावही असेच अनेकांचे. न्यायालयाने दक्षता पथक नेमण्यास सांगितले, आणि अर्जदाराच्या कुटुंबातील देवदेवता, विधी, लग्नाच्या रीती, अंत्यसंस्कार यांची चौकशी करावी असे म्हटले. यालाच पुढे आप्तभाव चाचणी असे नाव पडले. कल्पना अशी की, नाव उसने घेता येते, पण देव आणि नाच उसने घेता येत नाहीत.

खरोखर येत नाहीत काय? ल. ना. चापेकर यांनी सह्याद्रीतील ठाकुरांवर लिहिलेला इंग्रजी अभ्यासग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. जमातीच्या चालीरीतींचे इतके सविस्तर वर्णन त्यात आहे की, ज्याला इंग्रजी येते आणि ग्रंथालय जवळ आहे त्याला चाचणीची तयारी घरबसल्या करता यावी. उलट, ज्या मुलीचे आजोबा वाडी सोडून कल्याणच्या कारखान्यात आले, तिला कांबड नाच कधी पाहायलाही मिळालेला नसेल. गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’ने आणि तिच्यावरील १९७७ च्या चित्रपटाने ठाकर जीवन मराठी मध्यमवर्गाच्या घरोघरी पोचवले. तेव्हा ठाकरांचा नाच आणि ढोल आज कोणाला अधिक तपशिलाने माहीत आहे, हा प्रश्न अवघडच आहे. संस्कृतीचे वर्णन एकदा छापले गेले की ते केवळ त्या संस्कृतीच्या मालकीचे राहत नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी हे इतरांहून आधी ओळखायला हवे होते.

२४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठाने याच जमातीच्या संदर्भात निकाल दिला की, आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी मानता येणार नाही. इतर पुराव्यांबरोबर तिचा विचार व्हावा. स्थलांतर आणि आधुनिक जीवन यांमुळे जुन्या खुणा पुसल्या जातात, हे न्यायालयाने मान्य केले. राज्यघटनेपूर्वीच्या कागदपत्रांना मोठे मोल आहे हेही कायम राहिले.

आणि नेमकी येथेच शहापूर-मुरबाडची गोष्ट हातातून निसटते. जुना कागद कोणाकडे असतो? ज्याच्या आजोबांनी शाळा पाहिली त्याच्याकडे, ज्याच्या नावावर जमीन होती त्याच्याकडे. डोंगरातल्या वाडीत शाळा पोचली ती स्वातंत्र्यानंतर, कित्येक ठिकाणी फारच उशिरा. आणि रानात जी वरकस जमीन कसली जाई, तिचा कागद कसणाऱ्याच्या नावे क्वचितच असे. त्यामुळे जमातीबद्दल शंकाच घेता येणार नाही अशा घरातल्या मुलाकडे कागद नसतो आणि शंका घेण्यास जागा असलेल्या घरात तो व्यवस्थित घडी घालून ठेवलेला असतो. हा दोष कोणा एका निकालाचा नाही. नाव, रीत आणि कागद या तिन्ही कसोट्या वेगवेगळ्या माणसांना अनुकूल आहेत, आणि वाडीतल्या माणसाला त्यातली एकच पुरेपूर अनुकूल होती. तिचा भार आता कमी झाला. तरीही मला हा निकाल योग्य वाटतो. माणसाने आयुष्यभर आपल्याच जमातीचा देखावा करीत राहावे ही अट कोणत्याही न्यायात बसत नाही.

हिंदीच्या वर्गात प्रेमचंदांची ‘ठाकुर का कुआँ’ ही १९३२ मधील कथा शिकवली जाते. आजारी नवऱ्यासाठी स्वच्छ पाणी आणायला निघालेली गंगी ठाकुराच्या विहिरीपर्यंत जाते आणि पाणी न घेताच परतते. ठाकूर म्हणजे ज्याची विहीर आहे तो, हे त्या कथेत सांगावे लागत नाही. शहापूरच्या महाविद्यालयात ही कथा शिकवणाऱ्या शिक्षकाला मात्र ते सांगावे लागत असणार. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. येथे ठाकुरीण स्वतःच हंडा घेऊन रांगेत उभी असते. प्रेमचंदांचा शब्द तोच, कथा मात्र उलटी वाचावी लागते.

या वाड्यांत गेले की रस्त्याच्या, समाजमंदिराच्या किंवा नळयोजनेच्या कामाजवळ एखादा सरकारी फलक दिसतो : ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधार योजना. अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर (१८६९–१९५१) हे भावनगरचे लोहाणा. अभियंत्याची नोकरी सोडून त्यांनी १९२२ मध्ये भिल्ल सेवा मंडळ स्थापन केले, आणि पुढे संविधान सभेच्या, आसामबाहेरील आदिवासी क्षेत्रांचा विचार करणाऱ्या उपसमितीचे ते अध्यक्ष होते. ठक्कर आणि ठाकूर ही एकाच ठक्कुराची दोन रूपे आहेत. फलक रंगवणाऱ्याने वर ठक्कर लिहिलेले असते आणि खाली, कामाचे ठिकाण म्हणून, ठाकूरवाडी.